क्षितिजापार : बरेलासच्या नदीकाठी

आषाढ शुद्ध चतुर्दशी उलटली, की आपल्याकडे प्रवासाच्या पेट्या माळ्यावर जातात. साधुसाध्वींचा विहार थांबतो, श्रावकांचीही पावले गावातच रमतात आणि सायंकाळचा वेळ प्रवचन-स्वाध्यायाला दिला जातो. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, याच महिन्यांत नेमके उलटे घडते. शाळांना सुट्टी असते, दिवस लांबलेले असतात आणि समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचीवर वसलेल्या अल्बुकर्की शहरात माणसे संध्याकाळी घराबाहेर पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये तेथेही दुपारनंतर ढग दाटून येतात, गडगडाट होतो, तासभर सर कोसळते आणि आकाश पुन्हा निवळते. या पावसाला तेथील लोक ‘मान्सून’ असेच म्हणतात. मूळ अरबी ‘मौसिम’. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी जगभर नेलेला हा शब्द अशा वाळवंटी पठारावर ऐकू यावा, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांना गमतीची वाटेल.

या शहरात रिओ ग्रांदे नदीच्या काठी, बरेलास नावाच्या जुन्या वस्तीत, ‘नॅशनल हिस्पॅनिक कल्चरल सेंटर’ नावाचे एक केंद्र आहे. स्पॅनिश भाषा आणि तिच्याशी निगडित परंपरा ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, त्या समाजाचे हे सांस्कृतिक घर 2000 साली उघडले. ते राज्य सरकारच्या सांस्कृतिक विभागाच्या अखत्यारीत चालते. आवारात कलादालन आहे, ग्रंथालय आहे, जुन्या प्राथमिक शाळेची जतन केलेली इमारत आहे. 2004 मध्ये प्रयोगकलांसाठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली. तिचा घाट मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडसारखा आहे. आत सुमारे सातशे आसनांचे मोठे नाट्यगृह, त्याहून लहान असे चित्रपटगृह आणि शंभरेक माणसांचे छोटेखानी सभागृह आहे. उन्हाळ्यात नृत्य, नाटक, संगीत आणि स्पॅनिश भाषेतील चित्रपट असा सारा संसार या एका छपराखाली मांडला जातो.

आवारात हिंडताना आपल्याकडच्या माणसाची नजर प्रथम कोठे जाईल, हे सांगणे अवघड नाही. ती नामफलकांवर जाईल. प्रयोगकलांची वास्तू वॉल्ट डिस्ने यांचे पुतणे रॉय डिस्ने यांच्या नावे आहे. मोठे नाट्यगृह एका दैनिकाच्या नावे, चित्रपटगृह एका बँकेच्या नावे, छोटे सभागृह दुसऱ्या बँकेच्या नावे, तर कलादालन संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कंपनीच्या नावे. आपल्या धर्मशाळांच्या पायरीपायरीवर कोरलेली नावे पाहत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. गुप्तदानाचा महिमा आपण प्रवचनात ऐकतो आणि संगमरवराच्या फलकावर आपल्या आजोबांचे नाव शुद्ध लिहिले आहे ना, हेही तपासून पाहतो. दोन्ही खरे आहे. फरक इतकाच, की तेथे देणगीदार बहुतांशी कंपन्या आहेत आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. आपल्या संस्था व्यक्तींच्या आणि घराण्यांच्या दातृत्वावर उभ्या राहिल्या. कोणती रीत अधिक टिकाऊ, याचा हिशेब पन्नास वर्षांनी मांडावा लागेल.

पण हे केंद्र याच जागी का उभे आहे, हे समजून घ्यायचे तर नाट्यगृहाच्या दारातून मागे फिरून रस्त्यावर यावे लागते.

मेक्सिको शहरापासून सांता फेपर्यंत सुमारे सोळाशे मैलांचा एक राजमार्ग होता. त्याचे नाव ‘कामिनो रेआल दे तिएर्रा आदेंत्रो’, म्हणजे अंतर्भागाकडे जाणारा राजरस्ता. 1598 मध्ये हुआन दे ओन्याते हा स्पॅनिश सरदार याच मार्गाने वसाहत करायला उत्तरेस निघाला. त्याच्या तांड्यात शिपाई, पाद्री, बायकामुले, गुरेढोरे आणि गाडे होते. आणि नाटकही होते. रिओ ग्रांदेच्या तीरावर पोहोचल्यावर, त्या वर्षीच्या एप्रिलच्या अखेरीस, फार्फान नावाच्या कप्तानाने रचलेला एक नाट्यप्रयोग उघड्या आकाशाखाली करण्यात आला. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर युरोपीय भाषेत झालेल्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. इंग्रजी बोलणारे यात्रेकरू प्लिमथला उतरले ते 1620 मध्ये. न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश कुटुंबे ‘तुम्ही कुठून आलात?’ या प्रश्नाने का दुखावतात, याचे उत्तर या दोन सनांत आहे.

बरेलास हे या राजमार्गावरील नदीच्या उताराचे ठिकाण. पाणी उथळ असे तेथून गाडे पलीकडे जात. सतराव्या शतकात साधारण तीन वर्षांनी एकदा दक्षिणेकडून मोठा काफिला येई. यायला सहा महिने, थांबायला सहा महिने, परतायला सहा महिने. कापड, लोखंड, कागद, साखर वर येई. लोकर, मीठ, कातडी आणि आपल्या चिलगोज्यांच्या जातीच्या पिन्यॉन बिया खाली जात. पुढे चिवावाच्या व्यापाऱ्यांनी या मार्गाची नाडी हाती घेतली, आणि त्यांच्या व्यवहाराची एक रीत आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. मोर्फी नावाच्या एका पाद्र्याने 1778 मध्ये ती लिहून ठेवली आहे. न्यू मेक्सिकोत रोख नाणे जवळजवळ नव्हतेच, हिशेब तोंडी चाले, आणि तोंडी हिशेबात चार प्रकारचे ‘पेसो’ होते. एक आठ रिआलचा, एक सहाचा, एक चारचा आणि एक अवघ्या दोन रिआलचा. व्यापारी शेतकऱ्याकडून माल घेताना हलका पेसो धरी आणि त्याला माल देताना भारी पेसो धरी. शब्द एकच, मोल चौपट. साध्या माणसाला आपण कर्जात कसे बुडालो हे कधी कळलेच नाही. मापात पाप म्हणतात ते असे! कूटतुला आणि कूटमान हे अचौर्याणुव्रताचे अतिचार म्हणून आपल्या श्रावकाचारात सांगितले आहेत. येथे तर तराजूही नव्हता, नुसता शब्दच खोटा होता.

1880 मध्ये रेल्वे आली आणि काफिल्यांचा जमाना संपला. बरेलासच्या कडेला रेल्वेची इंजिने दुरुस्त करणारे प्रचंड कारखाने उभे राहिले. वस्तीतील पुरुष तेथे कामाला लागले, त्यांनी कच्च्या विटांची घरे बांधली, रस्त्यावर दुकाने लागली. पन्नाशीच्या दशकात वाफेच्या इंजिनांची जागा डिझेलने घेतली, तेव्हा कारखान्यांचे काम आटले आणि वस्तीचा कणा मोडला. ती काचेची आणि पोलादाची रिकामी दालने अजून उभी आहेत. त्यांत हॉलिवूडने ‘द अ‍ॅव्हेंजर्स’सारख्या चित्रपटाचे चित्रीकरणही केले. मग नगररचनेच्या योजना आल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरेलासच्या दक्षिण भागातील अनेक घरे ‘सुधारणे’साठी पाडली गेली. जी माणसे गेली ती परतली नाहीत. ज्या जमिनीवर त्यांची वस्ती होती, त्याच परिसरात त्यांच्याच संस्कृतीचे केंद्र उभे करायचे ठरले, आणि त्यासाठी उरलीसुरली घरेही सरकारला हवी होती.

एका घराने नकार दिला. जागेवर आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध स्त्रीला मोबदला नको होता, दुसरीकडचे नवे घर नको होते. तिला तिचे घर हवे होते. संस्कृतीच्या नावाने तिला हलविणे सरकारलाही जड गेले. अखेर आराखडा बदलला. केंद्र तिच्या घराला वळसा घालून बांधले गेले आणि ते लहानसे घर पिरॅमिडच्या छायेत, वाहनतळाच्या शेजारी, जागच्या जागी राहिले.

व्यवहारी माणूस म्हणेल की तिने संधी गमावली. शेवटच्या घराला सर्वांत मोठा भाव मिळतो, हे जमिनीचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण भाव मिळवण्यासाठी अडून बसणे निराळे आणि भावच न सांगणे निराळे. ज्या केंद्राला समाजाची आठवण जपायची होती, त्याच्या दारात ही बाई स्वतः आठवण होऊन बसली होती. तिला उठवले असते तर आत काय दाखवायचे, हा प्रश्न कोणत्याही नाट्यप्रयोगापेक्षा अवघड ठरला असता. आपल्याकडे जुन्या पेठांतील वाडे पाडून त्यांच्याच नावाची संकुले बांधली जातात, आणि प्रवेशदारी वाड्याचे एक छायाचित्र लावले की सर्वांचे समाधान होते. त्यांना हे घर पाहायला हवे.

उन्हाळ्याचा मुख्य सोहळा जूनमध्ये असतो. ‘फेस्तिवाल फ्लॅमेन्को आल्बुर्केर्के’ हे त्याचे नाव. नावात एक ‘र’ अधिक दिसतो तो छपाईचा दोष नव्हे. स्पेनमधील ज्या गावावरून आणि सरदारावरून या शहराचे नाव पडले, त्याचे जुने लेखन तसेच होते. इंग्रजी व्यवहारात तो ‘र’ गळाला. महोत्सवाने तो परत आणला. 1987 पासून हा महोत्सव भरतो आणि स्पेनमधील नामांकित नर्तक, गायक, गिटारवादक तेथे येतात. दिवसा शिकवण्या, रात्री प्रयोग. केंद्राचे मोठे नाट्यगृह हे त्याचे एक प्रमुख स्थान.

फ्लॅमेन्को म्हणजे केवळ झालरीचा झगा आणि पायांचा खडखडाट, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरे तर तेथे गायन आधी, नृत्य नंतर. गायकाचा आवाज चिरलेला, कधी कण्हल्यासारखा. त्यामागे गिटार, टाळ्या आणि पायांचा ठेका. सोलेआ, बुलेरिया यांसारख्या प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते. आपला एकतालही बारा मात्रांचा, परंतु त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे सहा, अगदी समान. फ्लॅमेन्कोत जोर येतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे तीन-तीन, मग दोन-दोन-दोन. चाल पहिल्या अर्ध्यात झुलते आणि दुसऱ्या अर्ध्यात झपाट्याने पावले टाकते. संगीताची जाण असलेल्या वाचकाने मांडीवर हात मारून हे आवर्तन एकदा मोजून पाहावे. दहाव्यावर थांबावेसे वाटते आणि थांबता येत नाही, तिथे त्याची गंमत आहे.

या कलेचा आपल्या भूमीशी एक खरा धागा आहे. ती घडविण्यात स्पेनच्या हितानो, म्हणजे रोमा, लोकांचा मोठा वाटा. रोमा लोकांचे पूर्वज हिंदुस्थानच्या वायव्य भागातून हजारएक वर्षांपूर्वी निघाले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. रोमानी बोलीत नाकाला ‘नाख’ म्हणतात, कानाला ‘कान’ आणि पाण्याला ‘पानी’. त्यांच्याजवळ लेखी वंशावळ नव्हती, वह्या नव्हत्या, शिलालेख नव्हते. शब्द मात्र त्यांनी बरोबर नेले. 1425 मध्ये आरागॉनच्या राजाने त्यांच्यातील एका तांड्याला संचाराचा परवाना दिला, ही स्पेनमधील त्यांची पहिली लेखी नोंद. पुढे आदर आटला. 30 जुलै 1749 रोजी राजाज्ञेने देशभर एकाच वेळी धरपकड झाली. हजारो हितानो स्त्रीपुरुषांना वेगवेगळे करून कामाला जुंपले गेले, जेणेकरून त्यांची संततीच खुंटावी. फ्लॅमेन्कोच्या गाण्यातील कण्हणे हे निव्वळ शैलीचे लेणे नाही, हे या तारखेवरून उमगते.

तथापि येथे थोडा सावधपणा हवा. फ्लॅमेन्को म्हणजे परदेशी गेलेले कथक, असे आपल्याकडे उत्साहाने सांगितले जाते आणि दोन्ही नृत्यांचे एकत्र प्रयोगही रंगतात. माणसे गेली आणि भाषा गेली, याचा पुरावा आहे. नृत्य जसेच्या तसे गेले, याचा नाही. आज ज्याला कथक म्हणतो त्याची घडण रोमांच्या प्रस्थानानंतर कित्येक शतकांनी झाली, आणि फ्लॅमेन्कोची घडण आंदालुसियात अरबी, यहुदी आणि स्थानिक लोकगीतांच्या सहवासात झाली. दूरच्या नातलगाला सख्खा भाऊ म्हणण्याची घाई कशाला!

या वाद्यमेळात एक पेटीही दिसेल. वादक तिच्यावरच बसतो आणि दोन्ही हातांनी पुढच्या फळीवर वाजवितो. तिचे नाव ‘काहोन’. हे वाद्य स्पेनचे नव्हे, पेरू देशाचे. तेथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांना त्यांचे ढोल मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी मालाची रिकामी खोकी वाजवायला घेतली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस थोर गिटारवादक पाको दे लुसिया यांनी पेरूच्या दौऱ्यात ते पाहिले, स्पेनला नेले, आणि आज त्याशिवाय फ्लॅमेन्को अपुरा वाटतो. वखारीतले खोके रंगमंचावर पोहोचले ते असे.

आणखी एक गोष्ट लपविण्याचे कारण नाही. फ्लॅमेन्को ही न्यू मेक्सिकोची जुनी परंपरा नव्हे. राजमार्गाच्या काफिल्यातून ती आलेली नाही. ती विसाव्या शतकात आली आणि एका कुटुंबाच्या चिकाटीने रुजली. एव्हा एन्सिनियास यांची आई क्लारिता ही अल्बुकर्कीत नृत्य शिकवी. लेकीने आईच्या वर्गात पाय थिरकविले, पुढे न्यू मेक्सिको विद्यापीठात फ्लॅमेन्कोचे शिक्षण सुरू करून त्याला पदवी-अभ्यासक्रमात मान मिळवून दिला, 1982 मध्ये संस्था स्थापन केली आणि 1987 मध्ये महोत्सव. आज तिची मुले, होआकिन आणि मारिसोल, हा सारा व्याप सांभाळतात. आजी, आई, मुले. म्हणजे आपल्या भाषेत ही तिसऱ्या पिढीची पेढी झाली. 2013 च्या डिसेंबरात आगीने त्यांच्या संस्थेची इमारत गिळली. वेशभूषा आणि वर्षानुवर्षे जमविलेली सामग्री गेली. ज्यांनी दुकानाला किंवा जिनिंगला लागलेली आग पाहिली आहे त्यांना त्या सकाळची कल्पना यावी. पुढच्या जूनमध्ये महोत्सव झाला. 2022 मध्ये एव्हा यांना लोककला आणि पारंपरिक कलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

पेढीचे तिसऱ्या पिढीत काय होते, हा आपल्या घरोघरचा काळजीचा विषय. पहिली पिढी घडविते, दुसरी वाढविते, तिसरी वाटून घेते असे जाणते म्हणतात. एन्सिनियास घराण्यात वाटून घेण्यासारखी इस्टेट फारशी नव्हतीच. जे होते ते शिकल्याशिवाय मिळत नव्हते. वारसा हवा तर पहाटे उठून टाचा झिजवा, दुसरा मार्ग नाही. ज्या व्यापारात मुलाला गादीवर बसण्यापूर्वी गोदामात उभे केले जाते, तेथे हे समजायला वेळ लागणार नाही.

आता चित्रपटांकडे वळू. केंद्राच्या आवारातच स्पेनच्या ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ या भाषाप्रसारक संस्थेची शाखा आहे, त्यामुळे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतील चित्रपट येथे सहज येतात. पण न्यू मेक्सिकोच्या मातीतून उगवलेला एक चित्रपट असा आहे, की अशा केंद्राच्या पडद्यावर त्याच्याइतका शोभणारा दुसरा नाही. ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’, 1954.

राज्याच्या नैऋत्य भागात जस्ताच्या खाणी होत्या. ‘एम्पायर झिंक’ कंपनीच्या खाणीत मेक्सिकन वंशाचे मजूर गोऱ्या मजुरांहून वाईट अटींवर काम करीत आणि कंपनीच्याच घरांत राहत. त्या घरांत गरम पाण्याची सोय नव्हती, गोऱ्यांच्या घरांत होती. ऑक्टोबर 1950 मध्ये संप झाला. जून 1951 मध्ये न्यायालयाने खाणकामगारांना खाणीच्या दारात निदर्शने करण्यास मनाई केली. तेव्हा बायकांनी नवऱ्यांना सांगितले, की मनाई खाणकामगारांना आहे, आम्ही खाणकामगार नाही. आणि त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांना मुलाबाळांसह तुरुंगात घातले गेले. पुरुष घरी धुणी धुऊ लागले, लाकडे फोडून पाणी तापवू लागले; आणि गरम पाण्याची जी मागणी त्यांना आजवर बायकांची कुरकुर वाटत होती, ती वाटाघाटीच्या यादीत किती वर असायला हवी होती, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले. जानेवारी 1952 मध्ये संप मिटला.

हॉलिवूडने राजकीय मतांसाठी वाळीत टाकलेल्या काही मंडळींनी ही हकीकत पडद्यावर आणली. दिग्दर्शक हर्बर्ट बीबरमन स्वतः तुरुंगवास भोगून आला होता. नायकाची भूमिका केली हुआन चाकोन या खऱ्या कामगार पुढाऱ्याने. इतर पात्रांतही संपात उतरलेलीच माणसे होती. नायिका रोसाउरा रेवुएल्तास मेक्सिकोतील व्यावसायिक अभिनेत्री. चित्रीकरण चालू असतानाच तिला अटक करून परत पाठविण्यात आले. फिल्म धुऊन द्यायला प्रयोगशाळा तयार होईनात, चित्रपट दाखवायला यंत्रचालक तयार होईनात, अमेरिकेतील मोजक्याच चित्रपटगृहांनी तो लावला. पुढे 1992 मध्ये त्याच अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांच्या सूचीत त्याचा समावेश केला.

चित्रपट निर्दोष नाही. मालकाची बाजू मांडणारी पात्रे नुसती खलनायकी आहेत, काही संवाद भाषणासारखे आहेत. व्यापारी-कारखानदार कुटुंबात बसून तो पाहताना थोडे अवघडल्यासारखे होईल, कारण पडद्यावर मालक म्हणजे परका माणूस आणि पाहणारे स्वतः मालक. तरीही पाहावा, आणि घरातील स्त्रियांसह पाहावा. आपल्या गोदामातील हमालाच्या घरी पाण्याची काय सोय आहे, हे पेढीवरच्या किती जणांना ठाऊक असते? साधर्मिक वात्सल्याच्या आपल्या सीमा बहुधा समाजाच्या उंबरठ्याशी संपतात. अनुकंपादानाला तशी सीमा शास्त्राने घातलेली नाही.

केंद्रातील मनोऱ्याविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण प्रयोगाला लवकर आलेले लोक तेथे डोकावतात. या गोल मनोऱ्याच्या आतील भिंतीवर सुमारे चार हजार चौरस फुटांचे भित्तिचित्र आहे. सांता फेचे फ्रेडेरिको विहिल हे त्याचे चित्रकार. त्यांनी सुमारे दशकभर काम केले आणि 2010 मध्ये ते लोकांना खुले झाले. ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालविलेले रंग लावायचे, चुना हवेतील कर्बवायू शोषून दगड होतो आणि रंग भिंतीतच मुरतो, अशी ही रीत. एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच चुना चढवायचा. चूक झाली तर खरवडून पुन्हा आरंभ. शेखावाटीच्या मारवाडी हवेल्यांवर ज्या रीतीला आला-गीला म्हणतात तिचीच ही बहीण. विहिल ज्या दांपत्याकडून ही विद्या शिकले ते दिएगो रिवेरा यांचे सहायक होते. म्हणजे येथेही गुरुपरंपरा आलीच. चित्रात स्पॅनिश, अरब, यहुदी, माया, प्युब्लो असे सारे लोक एकमेकांत गुंतलेले दिसतात. भिंतीवर हे गुंतणे देखणे आहे. इतिहासात ते तसे नव्हते. 10 ऑगस्ट 1680 रोजी प्युब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला आणि वसाहतवाल्यांना बारा वर्षे हाकलून लावले. तीच तारीख संत लोरेन्सोच्या सणाची. अल्बुकर्कीच्या उत्तरेस बर्नालियो गावी त्या दिवसांत आजही मातचिनेस नृत्य होते. मुखवटे, फिती, राजा मोक्तेसुमा, पांढऱ्या पोशाखातील चिमुकली मालिंचे आणि बैलाचे सोंग घेतलेला नर्तक, असा त्याचा थाट. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, रस्त्यावरच नाच. केंद्राच्या गार नाट्यगृहात जे दिसते त्याचे मूळ रूप पाहायचे असेल, तर हे तीस किलोमीटर जाणे वसूल होते.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी कोणी त्या बाजूस गेलेच, तर आहाराविषयी सावध असावे. न्यू मेक्सिकोचे जेवण वरवर पाहता आपल्याला सोयीचे: मका, राजम्यासारखे पिंटो दाणे, हिरवी-लाल मिरची, भोपळा. परंतु घोटलेल्या दाण्यांत जुन्या रीतीने डुकराची चरबी घालतात आणि मिरचीच्या रश्शात मांसाचा अर्क असू शकतो. कांदा-लसूण तर असतोच. विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि विचारताना ‘शाकाहारी’ एवढे म्हणून भागत नाही, चरबीचे नाव घेऊनच विचारावे. चौविहार पाळणाऱ्यांची मात्र तेथे एक सोय आहे. जूनमध्ये त्या शहरात सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो. घरी केलेले थेपले बरोबर घेऊन नदीकाठच्या झाडांखाली सावकाश बसावे, पाणी पिऊन हात धुवावेत, आणि उजेड असतानाच त्या लहानशा घराच्या कडेने चालत नाट्यगृहात जावे.